दिवसाला एकच कार्य: सोलापुरातल्या पाच दिवसांच्या लग्नाचा प्रकरण अभ्यास

गेल्या माघात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं. मी मुलीचा थोरला मामा. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळला. माल कधी निघायचा, गाडी कधी लागायची, हमाल किती लागतील हे कागदावर उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून तुळशीचं लग्न झाल्यावर मेहुणे घरी आले आणि म्हणाले, "दादा, आखणी तुम्ही बघा, मी पैशांचं बघतो." मी हो म्हणालो. त्या आखणीत काय चुकलं होतं, काय बदललं आणि बदलूनही काय हातून सुटलं, ते सगळं इथं मांडतो आहे. आमच्यासारखं घरातून निघणारं, चार-पाच दिवसांचं लग्न ज्यांच्याकडे ठरलं असेल त्यांच्या ते कामी यावं.

मुलीकडचे आम्ही मराठी, जुळे सोलापूरचे. मुलाकडचे तेलुगू, पूर्व भागातले पद्मशाली, अशोक चौकाजवळ राहणारे. सोलापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. मागांच्या कामासाठी तेलंगणातून आलेली विणकर घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि कानडी तर भाजी घेतानाही कानावर पडते. मुलाची आजी, त्यांची नानम्मा, माझ्याशी मराठीच बोलते, फक्त आकडे तेलुगूत मोजते. दोन्ही घरांना लग्न आपापल्या रीतीनं व्हायला हवं होतं आणि दोघांनाही समोरच्याचं काही तोडायचं नव्हतं. अडचण तिथूनच सुरू झाली.

पहिली आखणी मुलांची

भाची आणि होणारे जावई दोघंही पुण्याला नोकरीला. त्यांनी फोनवर बोलून एक यादी केली आणि मला पाठवली. शुक्रवारी सकाळी मुहूर्तमेढ, घाणा, देवक. दुपारी मेंदी. रात्री एक हॉल घेऊन संगीत. शनिवारी सकाळी हळद, संध्याकाळी कार्यालयात सीमांतपूजन, साखरपुडा आणि त्याला जोडून रिसेप्शन. रविवारी दुपारी लग्न, संध्याकाळी वरात. सोमवारी पहाटे तुळजापूर, दुपारी मुलाकडे सत्यनारायण, रात्री आमच्याकडे गोंधळ. चार दिवसांत चौदा कार्यं.

यादीत वावगं काही नव्हतं. एकेक कार्य घेतलं तर प्रत्येकाला कारण होतं. संगीत मुलांच्या मित्रमंडळींसाठी, रिसेप्शन मेहुण्यांच्या ऑफिससाठी, गोंधळ आमच्या कुळाचा. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि कारखान्यात हजेरीपट आखायचो तसा पट आखला. आडव्या रकान्यात तास, उभ्या रकान्यात माणसं. माणसं म्हणजे पाहुणे नव्हे, ज्यांना काम आहे ती: बहीण, मेहुणे, मी, माझी बायको, दोन चुलतभाऊ, थोरली वहिनी, भाचा. कुणाला कुठल्या तासाला कुठं उभं राहायचं आहे ते पेन्सिलीनं काळं करत गेलो.

बहिणीची ओळ शुक्रवारी पहाटे पाचला काळी व्हायला लागली ती रात्री बाराला थांबली. शनिवारी पुन्हा पाच ते साडेबारा. रविवारी चारपासून. सोमवारी तर साडेतीनपासून, कारण तुळजापूरला निघायचं. तिचं वय ५४, रक्तदाबाची गोळी चालू. चार दिवसांत तिला झोपायला मिळणार होते जेमतेम अठरा-एकोणीस तास. आणि ती काही खुर्चीत बसून राहणारी नाही. घाणा भरायला सुवासिनी तिनं बोलवायच्या, देवकाला ती बसणार, हळदीला ओटी तिनं भरायची, रिसेप्शनला दारात ती उभी. कागद बघून मला पहिल्यांदा कळलं की आम्ही मुलीचं लग्न मांडत होतो आणि तिच्या आईला त्यात धरलंच नव्हतं.

गड्ड्यातून सुचलेली गोष्ट

जानेवारीत गड्डा आला. सोलापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे मुळात एक लग्नच. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर योगी. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावू दिलं, अशी कथा आहे. तेच लग्न दर संक्रांतीला सगळं शहर लावतं. मी आणि बहीण लहानपणापासून अक्षतांना जातो. या वर्षीही गेलो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, त्यांनी पेललेले सात नंदीध्वज म्हणजे उंच काठ्या, आणि जिथं हे लग्न लागतं त्या संमती कट्ट्यासमोर खच्चून गर्दी. संमती वाचून झाली, अक्षता पडल्या आणि माणसं 'हर्र बोला हर्र' करत पांगायला लागली.

परत येताना बहीण म्हणाली, "दादा, बघ ना, देवाचं लग्न पण पाच दिवस चालतं, पण दिवसाला एकच."

मी तिथंच थांबलो. खरंच तसं आहे. पहिल्या दिवशी यण्णीमज्जन, म्हणजे ६८ लिंगांना तैलाभिषेक. नंदीध्वज सगळ्या शहराला फेरी घालतात, दिवस त्यातच जातो. दुसऱ्या दिवशी अक्षता. तिसऱ्या दिवशी होम. चौथ्या दिवशी शोभेचं दारूकाम. पाचव्या दिवशी कप्पडकळी, वस्त्रविसर्जन. कानडीत कप्पड म्हणजे कापड. लग्नाची वस्त्रं उतरवून ठेवायची, त्यालाही एक आख्खा दिवस. ज्यांनी ही रीत घातली त्यांना गर्दी कळत होती, आणि ध्वज पेलणाऱ्यांचे खांदेही कळत होते.

घरी येऊन मी कागद पुन्हा काढला. नियम एकच केला: दिवसाला एकच मोठं कार्य. त्याला चिकटून येणारी छोटी कामं चालतील, पण ज्याला पाहुणे जमवावे लागतात, ज्याला घरच्या बाईनं दुसरं लुगडं नेसावं लागतं, असं कार्य दिवसाला एक. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी काहीही ठेवायचं नाही.

काय गेलं, काय जोडलं

चार दिवसांचे पाच झाले. रिसेप्शन काढून टाकलं. साखरपुडा लग्नाच्याच दिवशी सकाळी, मुहूर्ताच्या आधी धरला. मेंदी आणि बांगड्या शुक्रवारी दुपारी एकत्र ठेवल्या, कारण कासार आला की बायका बसतातच, उठबस कुणालाच करावी लागत नाही. हळद शनिवारी सकाळऐवजी दुपारी चारला, आणि संगीत त्यालाच जोडून अंगणात. सोमवार आमच्याकडे कोरा. मुलाकडचा सत्यनारायण संध्याकाळी, त्याला आमच्यातले फक्त बारा जण. मंगळवारी तुळजापूर आणि रात्री गोंधळ.

ऑफिसच्या लोकांना लग्नालाच बोलवायचं म्हटल्यावर मेहुण्यांना हायसं वाटलं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. भाची मात्र दुखावली. तिच्या मैत्रिणींनी तीन महिने व्हिडिओ कॉलवर नाच बसवले होते. ती मला म्हणाली, "मामा, लग्न माझं आहे की आईच्या तब्येतीचं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी तिच्यासमोर पट ठेवला आणि आईची ओळ दाखवली. ती बराच वेळ ते काळे चौकोन मोजत बसली. मग म्हणाली, "हॉल नको. पण नाच ठेवा." नाच ठेवले. तरी सांगतो, तिच्या वाटणीचा आनंद मी कापला हे खरं आहे आणि ते मला आजही बोचतं. हळद चारऐवजी तीनला धरली असती तर तिला पुरेसा वेळ मिळाला असता. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, आणि आम्ही तो केलाच. शेवटचे दोन नाच राहून गेले.

रिसेप्शनचे जे पैसे वाचले ते कुठं घालायचे यावर मी हट्ट धरला. स्टेज, फुलांच्या कमानी यात एक रुपया जाऊ दिला नाही. घरी पाच दिवस दोन स्वयंपाकिणी, भांड्यांना दोन बायका, पहाटे चहा टाकायला एक पोऱ्या, भाड्यानं १५ गाद्या आणि पाण्याचे टँकर. घरच्या लग्नात माणूस कार्यालयावर उदार होतो आणि घरात चिंगूसपणा करतो. पाहुणे कार्यालयात चार तास असतात, घरात पाच दिवस.

पाणी

सोलापुरात लग्नाची आखणी पाण्यापासून सुरू करावी लागते, पत्रिकेपासून नव्हे. उजनीवरून शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी शहराला येते, टाकळीहून भीमेचं पाणी येतं, हिप्परग्याचा तलाव आहे, तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. लग्नाच्या पाच दिवसांत आमची पाळी एकदाच येणार होती, ती शुक्रवारी.

हिशेब असा केला. राहायला ३४ माणसं. अंघोळ, संडास, कपडे धरून माणशी ७० लिटर, म्हणजे दिवसाला साधारण २,४००. स्वयंपाक, भांडी आणि अंगण धुणं ८००. दिवसाला ३,२००, पाच दिवसांचे १६,०००. साठवण किती? अंगणातला हौद ३,००० लिटरचा, गच्चीवरची टाकी १,०००ची. म्हणजे भरलेलं ४,०००, पाळीला पुन्हा ४,०००, उरलेल्या ८,०००साठी पाच-पाच हजारांचे दोन टँकर. आता गंमत अशी की पाच हजारांचा टँकर चार हजारांच्या साठवणीत मावत नाही, आणि हौद पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबणं म्हणजे सकाळी घरात ओरड. शेजारच्या काकूंशी बोलून ठेवलं: त्यांच्या हौदात उरलेलं पाणी सोडायचं, लागेल तसं पाइप टाकून घ्यायचं, त्यातलं थोडं त्यांनी वापरायचं. टँकर शनिवारी सकाळी सातला आणि सोमवारी सकाळी.

पिण्याचे जार वेगळे सांगितले. उत्साहात पाहुणे जारच्या पाण्यानं हात धुतात, म्हणून जार आत, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवले आणि तिथं भाच्याला बसवलं.

शनिवारी सातचा टँकर साडेअकराला आला. पुरवठादाराचा फोन बंद. नऊ वाजता गच्चीवरची टाकी कोरडी पडली आणि तेव्हा घरात अंघोळ न झालेली सतरा माणसं होती. काकूंच्या हौदातून पाइप टाकून कसंबसं भागवलं. पहिल्या आखणीप्रमाणे हळद सकाळी दहाला असती तर हळद लावलेली मुलगी पाण्याची वाट बघत बसली असती. दुपारची हळद असल्यामुळे टँकर उशिरा येऊनही कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. मोकळी सकाळ आम्ही बहिणीच्या विश्रांतीसाठी ठेवली होती, ती टँकरनं खाल्ली. पण ती होती म्हणून खाता आली.

दोन पुरोहित, एक मुहूर्त

आमचे गुरुजी आणि त्यांचे पंतुलु यांना लग्नाच्या पंधरा दिवस आधी एकाच सतरंजीवर बसवलं, आणि पूर्ण आखणीत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं मला वाटतं. तोवर दोन्हीकडे अशी समजूत होती की आधी मराठी लग्न लागेल, मग दोन तासांनी तेलुगू. म्हणजे दोन मुहूर्त, दोन वेळा नेसणं, आणि मधल्या काळात सातशे माणसं उपाशी.

गुरुजींनी विचारलं, "तुमच्यात मुहूर्ताला नेमकं काय होतं?" पंतुलु म्हणाले, जीलकर्र-बेल्लम. जिरे आणि गूळ वाटून विड्याच्या पानात घ्यायचं आणि मुहूर्ताच्या क्षणाला नवरानवरीनं एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचं. तोवर दोघांच्या मध्ये पडदा धरलेला असतो. गुरुजी हसले आणि म्हणाले, "मग आमचा अंतरपाट दुसरा काय असतो?"

पाच मिनिटांत ठरलं. एक मुहूर्त, दुपारी १२ वाजून २० मिनिटं. मंगलाष्टका गुरुजींच्या. शेवटच्या मंगलाष्टकेला अंतरपाट असतानाच दोघांनी जिरे-गूळ डोक्यावर ठेवायचा, मग पाट खाली, हार, अक्षता. त्यानंतर कन्यादान आणि मंगळसूत्र, मग पंतुलूंचं तलंब्राल, म्हणजे हळदीच्या अक्षता ओंजळीओंजळीनं एकमेकांच्या डोक्यावर ओतणं, आणि शेवटी सप्तपदी. पुरोहितांना हे कुणी आधी विचारत नाही. दोन्हीकडचे लोक आपापसांत वाद घालतात आणि ज्यांना कळतं त्यांना थेट मांडवात उभं करतात.

अंतरपाट कुठला, हे नानम्मानं ठरवलं. ट्रंकेतून तिनं एक पांढरं उपरणं काढलं, लाल काठाचं, घड्यांवर पिवळं पडलेलं. मुलाच्या आजोबांनी हातमागावर विणलेलं. घरी यंत्रमाग यायच्या आधीचं. मी त्या धंद्याजवळ आयुष्य काढलं आहे, हात लावला की कळतं: काठाच्या आत बोटभर अंतरावर एक धागा तुटून पुन्हा सांधलेला होता आणि गाठ इतकी बारीक की नखालाच लागावी. नानम्मा म्हणाली, "ते म्हणायचे, गाठ दिसली तर मजुरी कापा."

त्यांच्याकडून मागणी एकच होती: मामांनी भाचीला वेताच्या टोपलीत बसवून मांडवात आणायचं. आमच्याकडे मामा भाचीच्या मागं उभा राहतो, त्यांच्याकडे उचलतो. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी मिळून वीस पावलं उचललं. तीन वर्षांची असताना गड्ड्यात माझ्या खांद्यावर बसून पाळणे बघणारी पोर. त्या वीस पावलांबद्दल मी जास्त लिहू शकणार नाही.

कार्यालय आणि जेवण

कार्यालय शनिवारी संध्याकाळी सहापासून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंतचं. शनिवारी रात्री तिथं फक्त बाहेरगावचे उतरले. पुण्याचे हुतात्मा एक्स्प्रेसनं आणि मुंबईचे काही वंदे भारतनं रात्रीच येतात, त्यांना स्टेशनवरून थेट कार्यालयात नेलं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे रविवारी सकाळी आले. या गाड्यांच्या वेळा बघूनच खोल्या वाटल्या होत्या, म्हणून रात्री अकराला कुणाची गादी कुठं हा गोंधळ झाला नाही.

सोलापुरात अक्षता पडल्या की लोक जेवायला वळतात, सगळे एकाच वेळी. आम्हाला साधारण ७०० पानांची अपेक्षा होती. यादी करताना नावापुढं तीनपैकी एक खूण केली होती: नक्की, बहुतेक, जमलं तर. नक्कीचे सगळे, बहुतेकमधले निम्म्याहून थोडे जास्त आणि जमलं तरमधले चौथाई धरले. आले ७३०च्या आसपास. पंगत एका वेळी १२०ची बसते आणि अर्ध्या तासात उठते, म्हणजे सगळ्यांची पंगत करायची तर तीन तास गेले असते. म्हणून पहिली एक पंगत, फक्त दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची, आग्रह करून वाढलेली. बाकीच्यांना बुफे, चार ओळींत. भरली वांगी, शेंगापोळी, वरणभात, मठ्ठा, आणि व्याह्यांच्या आग्रहाचा पुळिहोरा, चिंचेचा भात. तो सगळ्यात आधी संपला.

घरच्या जेवणाची एक युक्ती सांगतो. दोन जेवणांच्या मध्ये भूक लागणारी माणसं लग्नघरातली चूल कधी थंड होऊ देत नाहीत. आम्ही भाकरी करून विकणाऱ्या बायकांकडून ३०० कडक भाकऱ्या आणि चार किलो शेंगा चटणी आधीच घेऊन ठेवली. दह्याचं पातेलं शेजारी. ज्याला जेव्हा भूक लागेल त्यानं मोडून घ्यावी. स्वयंपाकिणींना दुपारचे दोन तास पाठ टेकायला मिळाली ती या भाकऱ्यांमुळे. पुण्याच्या मंडळींनी तर जाताना मागून नेल्या.

रविवारची चूक

सगळं वेळेवर चाललं होतं आणि साडेदहाला माझी आई म्हणाली, "अरे, माझं इंजेक्शन कुठाय?" आई ८१ वर्षांची, जेवणाआधी इन्सुलिन घेते. ते घरच्या फ्रिजच्या दारात राहिलं होतं. कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, लग्नसराईचा रविवार, रस्त्यात तीन वराती. भाचा मोटारसायकलवर गेला आणि आला, पाऊण तास. मुहूर्ताच्या आधी ते मिळालं, आईला काही झालं नाही. पण तो पाऊण तास मी तिच्याजवळ बसून होतो आणि दारात व्याह्यांचं स्वागत करायला मी नव्हतो. माझ्या यादीत दागिने होते, आहेराची पाकिटं होती, सेफ्टी पिना होत्या. औषधं नव्हती. मुक्काम हलतो तेव्हा घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या औषधांची पिशवी एका माणसाच्या नावावर लिहिलेली हवी, आणि त्या माणसाकडे दुसरं कुठलंही काम नको. हजेरीपटात मी काम करणाऱ्यांच्या ओळी आखल्या, ज्यांची काळजी घ्यायची त्यांच्या आखल्या नाहीत.

कोरा सोमवार

हा दिवस ठेवायला सगळ्यांचा विरोध होता. "मुलगी गेल्यावर घर खायला उठतं, काहीतरी कार्यक्रम असू दे," असं वहिनी म्हणाली होती. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सकाळी घर खरोखरच खायला उठलं. मेहुणे अंगणात मांडवाच्या खांबाला टेकून नुसते बसून होते. बहीण भाचीच्या खोलीत जाऊन कपाट आवरायला लागली, मग आवरता आवरता रडली. पाहुणे होते, पण घाई कुणाला नव्हती, म्हणून माझी बायको तिच्याजवळ तासभर बसू शकली. पहिल्या आखणीप्रमाणे त्या वेळी आम्ही तुळजापुरात दर्शनाच्या रांगेत असतो, आणि ते रडणं गळ्यातच राहिलं असतं.

दुपारी बहीण झोपली. तीन तास. पंखा लावून, अंगावर घरचीच जुनी चादर घेऊन. कुणी दार वाजवलं नाही.

संध्याकाळी बारा जण सत्यनारायणाला गेलो. भाची साडी सावरत तीर्थ वाटत होती. आईला बघून तिचा चेहरा निवळला, कारण आईचा चेहरा झोप झालेल्या माणसाचा होता.

मंगळवार देवीचा, म्हणून तुळजापूरला गर्दी असते. साडेचारला निघालो, ४५ किलोमीटर, सहाच्या आत रांगेत उभे. दुपारी परत, रात्री गोंधळ. संबळ रात्री उशिरापर्यंत घुमत होता आणि बहीण शेवटपर्यंत जागी, ताठ बसलेली.

एक काम आम्ही आधीपासून यादीत धरलं होतं: लग्नाची नोंदणी. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे ती ९० दिवसांच्या आत करायची असते, तीन साक्षीदार लागतात. बरेच जण मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांची नावं घालतात आणि मग त्यांच्या सुट्टीची वाट बघतात. आम्ही तिघंही गावातलेच ठरवले आणि त्यांच्या आधार कार्डांच्या प्रती लग्नाआधीच फायलीत लावल्या. नवरानवरी पुण्याला परतायच्या आधी, बुधवारी दुपारीच, महापालिकेत गेलो. मी एक साक्षीदार, मुलाचे काका दुसरे, नानम्मा तिसरी. टेबलावरच्या बाईंनी तिच्यासमोर शाईचा पॅड सरकवला. नानम्मानं तो बाजूला केला, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि हळूहळू, एकेक अक्षर वळवत, तेलुगूत सही केली.